घणसोलीची खोली आणि ‘इतर’चा रकाना

डिसेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अश्विनीचा फोन आला. "मॅडम, डिपॉझिटमधले चौदा हजार कापणार म्हणतायत. माझ्याकडे कागद आहे, पण त्या कागदाचं करायचं काय तेच कळत नाहीये." तीन वर्षं मी तिला ठाण्यातल्या कॉलेजात अकाउंट्स शिकवलं होतं. ताळेबंद जुळला नाही की ओठ चावत बसणारी, पण शेजारणीच्या पेपरात डोकावणार नाही अशी मुलगी. शनिवारी ये म्हटलं. येताना तिने भाडेकरारासोबत एक लाँगबुकही आणली. दहा महिन्यांचा खर्च त्यात तारीखवार लिहिलेला होता.

भांडण डिपॉझिटचं होतं, त्याच्याकडे येतेच. पण त्या दुपारी मी जास्त वेळ त्या वहीत अडकले. आता तिच्या परवानगीने हे प्रकरण टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात घेते. तिचं नाव बदललंय. कंपनी, मालक आणि एजंट यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आकडे वहीतलेच आहेत.

मुरबाड ते ऐरोली

अश्विनी मुरबाड तालुक्यातली. घरी भातशेती, वडील टेम्पो चालवतात, धाकटा भाऊ बारावीला. कॉलेजची तीन वर्षं तिने एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे अशी रोजची ये-जा करून काढली. बी.कॉम. झाल्यावर ऐरोलीत नोकरी लागली, विम्याचे क्लेम तपासणाऱ्या बॅक ऑफिसात. शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे (२०१७चा) रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती घ्यावी लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय करावी लागते. कंपनीची गाडी होती. पण ती मुरबाडला थोडीच जाणार? कळव्यापर्यंत जात होती, आणि कळव्याला आत्या होती.

आत्याकडे ती चार महिने राहिली. तिथे वाईट काहीच घडलं नाही, हे ती मला तीनदा म्हणाली, म्हणून मीही इथे सांगून ठेवते. वन रूम किचन, आत्याची चार माणसं, ही पाचवी. रात्री पावणेबाराला कडी वाजणार. आत्याच्या यजमानांची पहाटेची पाळी, ते नऊलाच झोपलेले. दार उघडायला कुणीतरी उठणार, मग ताट, मग गॅसचा लायटर, मग नळ. "कुणी एका शब्दाने बोललं नाही मॅडम. शेवटी मी जेवण गरम करणंच सोडून दिलं, लायटरचा आवाज नको म्हणून."

भाड्याने खोली घेते म्हटल्यावर आत्या दुखावली. "आमच्याकडे काय कमी पडलं गं तुला?" या प्रश्नाला उत्तर नसतं. वडिलांची अडचण वेगळी होती. बहिणीकडे विश्वासाने ठेवलेली पोर चार महिन्यांत बाहेर पडली, याचा गावात एकच अर्थ लावतात, आणि तो दोन्ही घरांना लागतो. घर तीन तासांवर, आत्या जवळच कळव्याला, आणि मुलगी एकटी. ती परदेशी गेली असती तर कौतुक झालं असतं.

माझे आजोबा गिरणीत होते. लालबागला गावकीच्या खोलीत वीसेक माणसं पाळीपाळीने झोपायची. प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी, जेवण खानावळीत, पगार झाला की मनीऑर्डर. आजोबांनी तिशीच्या आत घर सोडलं, पण एकही रात्र ते एकटे झोपले नाहीत. अश्विनीच्या घरातही अगदी एकट्याने राहिलेलं आधी कुणी नव्हतं. त्यामुळे तिला सांगावं असं अनुभवाचं काही कुणाकडे नव्हतं. आईने दोन पातेली, तवा, पोळपाट-लाटणं आणि दहा किलो तांदूळ दिले.

सत्तेचाळीस हजार

घणसोलीत दोन घणसोली आहेत. एक सिडकोच्या सेक्टरांची, सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असणारी. दुसरी जुन्या गावाची. नवी मुंबईसाठी १९७०नंतर ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्यांतलं हे एक. जमिनी गेल्या, कुटुंबं वाढली, आणि गावठाणात व त्याच्या कडेने चार-चार, पाच-पाच मजले उठले. यांतली बरीच बांधकामं ‘गरजेपोटीची’ म्हणून ओळखली जातात. ती नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे. अशा घरावर बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणून विकण्यापेक्षा भाड्याने देणं मालकाला परवडतं, आणि भाडंही सेक्टरपेक्षा बरंच कमी असतं. रेल्वेने ऐरोली दोन स्टेशनं, घणसोली-रबाळे-ऐरोली. अश्विनीने इथे चौथ्या मजल्यावर वन आरके घेतली. लिफ्ट नाही. भाडं ८,५००.

डिपॉझिट ३०,०००, एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं म्हणजे ८,५००, पहिलं भाडं ८,५००. मिळून ४७,०००. आत्याकडे राहून साठलेले ३८,०००, वडिलांनी दिलेले ५,०००, आणि ऑफिसातल्या मैत्रिणीकडून उसने ४,०००. वहीचं पहिलं पान हे आहे आणि ते बिनचूक आहे. जमेची बाजू, खर्चाची बाजू, खाली दोन रेघा. शिकवल्याचं सार्थक वाटलं. पान उलटेपर्यंत.

डिपॉझिटपैकी १०,००० तिने एजंटच्या नंबरवर यूपीआयने पाठवले होते आणि २०,००० मालकांच्या हातात रोख दिले होते. पावती नाही. करार शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर, खाली नोटरीचा लाल शिक्का. "रजिस्टर्ड आहे ना?" असं तिने विचारलं होतं. एजंटने शिक्क्यावर बोट ठेवून "हे काय" म्हटलं होतं.

इथे थांबते, कारण दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं याच ठिकाणी घसरतात. नोटरी सही कुणी केली एवढंच सांगतो. नोंदणी म्हणजे नोंदणी विभागाकडे करार दाखल होणं. हल्ली ते ऑनलाइन, आधार आणि अंगठा घेऊन घरबसल्या होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९चं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नसेल नोंदवला, तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे कच्च्या करारात कायद्याने धोका मालकाचाच जास्त. पण हे दोघांनाही माहीत नसतं, आणि घाबरतो तो फक्त भाडेकरू.

कच्च्या कराराची झळ तिला भांडणाच्या कितीतरी आधी लागली. गॅसचं कनेक्शन घ्यायला गेली तर पत्त्याचा पुरावा म्हणून तो कागद चालेना. मग इंडक्शन घेतलं. खोलीला मालकांचा सबमीटर, युनिटला १२ रुपये. महावितरणचे दर टप्प्यांचे असतात, पहिले १०० युनिट स्वस्त, पुढचे महाग. एकाच मीटरवर पाच-सहा खोल्या टाकल्या की सगळं वरच्या टप्प्यात जातं, आणि मालक सरसकट दर लावून मोकळे होतात. मार्चमध्ये ११८ युनिट, १,४१६ रुपये. एप्रिलअखेर तिला कळलं की पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही. मे महिन्यात ७४ युनिट, ८८८ रुपये. तो गॅस किलोमागे घरगुतीपेक्षा महागच पडतो, तरी फरक पडला. हे तिला इमारतीतल्या कुणीही पहिल्या दिवशी सांगितलं असतं. तिने विचारलं नव्हतं.

वहीतले महिने

घरच्यांच्या लेखी तिचा पगार पंचवीस हजार. ऑफर लेटरवर वर्षाचे तीन लाख लिहिलेत, भागिले बारा. हातात येत होते २१,४००. त्या पंचवीसमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० धरलेला, शिवाय तिचा स्वतःचा १,८०० कापला जाणारा. व्यवसाय कर नाही, कारण महाराष्ट्रात बायकांना २५,०००पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. पण हा हिशेब तिने घरी कधी मांडलाच नाही. पंचवीस म्हणून सांगून झालं होतं, वडिलांनी चार जणांत सांगून झालं होतं. त्या पंचवीसच्या हिशेबाने ती दरमहा ५,००० घरी पाठवत होती.

मार्च असा:

भाडं ८,५००. घरी ५,०००. वीज १,४१६. खाणं ५,९००. बादल्या, ड्रम, गादी, इंडक्शन, कुलूप मिळून ४,३००. इतर १,१५०. एकूण २६,२६६, म्हणजे ४,८६६ची तूट. ती ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ छापाच्या एका अॅपवर गेली.

मी वर्गात पन्नास-तीस-वीसचं सूत्र शिकवते. गरजा पन्नास टक्के, हौस तीस, बचत वीस. अश्विनीने पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ते लिहूनही ठेवलं होतं. २१,४००चे पन्नास टक्के १०,७००. भाडं गेल्यावर त्यात २,२०० उरतात. या पैशात घणसोलीत महिनाभर जेवण, वीज आणि प्रवास कसा बसवायचा, हे सूत्र सांगत नाही आणि मीही सांगितलं नव्हतं. आता ते सूत्र शिकवताना हे पान फळ्यावर मांडते.

खाण्याचे ५,९०० उधळपट्टीचे नव्हते. रात्री साडेअकराला खोलीवर यायचं, चार मजले चढायचे, आणि मग कुकर लावायचा? ती वडापाव किंवा ऑनलाइन मागवलेली बिर्याणी खात होती. सकाळी स्वयंपाक करावा तर झोप झालेली नाही, कारण पाणी.

पाणी सकाळी साडेसहा ते सात. मालक मोटर लावून वर चढवतात, ड्रम भरून घ्यायचा. रात्री एक-दीडला झोपणाऱ्या मुलीला साडेसहा म्हणजे मध्यरात्रच. हे ऐकून वडील फोनवर म्हणाले होते, "आपल्या बारवी धरणाचं पाणी तुमच्या एमआयडीसीला पोचतं, आणि तुला नळ अर्धा तास?" (पालिकेचं पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येतं, पण टेम्पोवाल्याचा मुद्दा काही चुकीचा नाही.)

एप्रिलमध्ये व्हायचं ते झालं. नळ उघडला, पाणी नव्हतं, नळ तसाच राहिला आणि ही परत झोपली. नंतर पाणी आलं. मोरीचं तोंड साबणाच्या कागदाने तुंबलेलं. साडेसातला दार बडवलं गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, सोलापूरकडच्या, हातात पिठाचा डबा. छताला जिथे आधीपासून ओल होती तिथून धार लागून डब्यात पाणी पडलं होतं. "आईबापानं शिकवलं नाही का नळ बंद करायला?" त्या दिवशीची नोंद: गव्हाचं पीठ ५ किलो, २१०. ते तिने नेऊन दिलं. वहिनींनी घेतलं, पण दार लावून घेतलं. पुढचे तीन महिने जिन्यात भेट झाली की दोघी मोबाइलमध्ये बघायच्या.

मार्च, एप्रिल, मे, जून. ‘इतर’चा रकाना वाढत जातो. १,१५०, १,६४०, २,३८०, २,९००. एवढं काय असेल? मी तिला प्रत्येक नोंद विचारली. काही तिलाच आठवेनात. आठवल्या त्या अशा: रविवारी वाशीला मॉलमध्ये जाऊन नुसतं बसणं आणि बसल्याबद्दल कॉफी घेणं. ऑफिसातल्या मुलीच्या वाढदिवसाची वर्गणी, मग अजून एकीची. रात्री झोप येईना म्हणून मागवलेलं आइस्क्रीम, त्यावरचा पोचवणावळीचा आकार आइस्क्रीमच्या निम्मा. आणि जूनमध्ये चार वेळा घणसोली ते कळवा रिक्षा, जाऊन-येऊन. आत्याकडे? "वर गेलेच नाही मॅडम. खाली उभी राहायचे. खिडकीत लाइट दिसायचा. परत यायचे."

अकाउंट्समध्ये किरकोळ खर्च या सदराखाली काय काय दडतं ते आम्ही शिकवतो. हे नव्हतं शिकवलं.

जुलैत ताप आला. गुरुवारी रात्री कामावरून येतानाच अंग तापलं होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार ती खोलीत पडून. घरून फोन आला तर "कामात आहे, नंतर करते". आईला सांगितलं असतं तर वडील टेम्पो घेऊन आले असते, आणि आले असते तर परत घेऊन गेले असते. ही तिची भीती, आणि ती खोटी नव्हती. आत्याला सांगावं तर कोणत्या तोंडाने? पॅरासिटामॉल, बिस्किटं, आणि ऑनलाइन मागवलेली खिचडी, जी डिलिव्हरीवाला चार मजले चढायला तयार नसल्याने दोनदा खालून परत गेली.

सोमवारी सकाळी सात वाजता दार वाजलं. वहिनी.

"चार दिस झाले, वर ड्रमचा आवाज नाही."

वहिनी खाली राहतात. रोज साडेसहाला वरच्या ड्रममध्ये पाणी पडल्याचा आवाज त्यांच्या छतातून येतो. शुक्रवारी आला नाही तेव्हा वाटलं गावी गेली असेल. पण चपला दाराबाहेर होत्या. त्यांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खासगी डॉक्टर ८००, तपासण्या २,३५०, औषधं १,१२०, रिक्षा ६४०. प्रोबेशनवर असल्याने चार दिवसांचा पगार कापला गेला, ३,०९३. मिळून ८,००३. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तिला लागू नाही, कारण त्याची मर्यादा २१,००० आणि तिचा कागदावरचा पगार त्याहून जरा जास्त. कंपनीचा विमा होता, पण दाखल झालात तर. पालिकेचं आरोग्य केंद्र घणसोलीतच आहे आणि ऐरोलीला पालिकेचं मोठं रुग्णालयही आहे, हे तिला बरी झाल्यावर कळलं. वहिनींना माहीत होतं, पण "नोकरीवाली पोरगी, सरकारीत कशाला न्यावी" म्हणून त्यांनी खासगीत नेलं होतं. परस्परांच्या मानापोटी गेलेले पैसे.

वहिनींनी तिच्याच मोबाइलवरून तिच्या आईला फोन लावला. न विचारता. दुपारी वडील आले, सोबत आत्या. आत्या खोलीभर फिरली, गॅसखालचं फडकं उचलून बघितलं, आणि म्हणाली, "सिलिंडर खिडकीपाशी घे." तेवढंच. अश्विनी म्हणते, त्या दिवशी तिला पहिल्यांदा ती खोली आपली वाटली. का, ते तिला सांगता आलं नाही. मी तर्क करू शकते, पण तो तर्कच राहील.

वडिलांनी नेलं नाही. उलट त्या रात्री तिने त्यांना पगाराची चिठ्ठी दाखवली. २१,४००. त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "मग पाच कशाला पाठवतेस येडे? तीन पाठव. गाडी चालते माझी."

सप्टेंबरचं पान:

भाडं ८,५००. घरी ३,०००. वीज ८८८. वहिनींकडून रात्रीचा पोळी-भाजीचा डबा १,५६०. साठ रुपयांचा एक, सव्वीस दिवस, आणि डबा दाराच्या कडीला लटकवलेला. किराणा-भाजी १,९००. गॅस ५५०. प्रवास ७००. मोबाइल ३००. इतर ९००. एकूण १८,२९८. शिल्लक ३,१०२.

पगार तोच, खोली तीच. मार्च आणि सप्टेंबर शेजारी ठेवून मी मुलांना विचारते की फरक कशाने पडला. ती म्हणतात, बजेट सुधारलं, बाहेरचं खाणं कमी झालं. तेही खरंच. पण ते कमी का झालं हे वहीत आकड्यांच्या बाजूला, पेन्सिलीने लिहिलेलं आहे. ‘तांदूळ घरून.’ ‘वहिनीच्या मुलीला गणित, मंगळ-गुरु सकाळी, त्या पाणी भरून ठेवतात.’ ‘आत्याकडे रविवार, जेवण.’ मार्चमध्ये ही मुलगी कुणाचं काही लागत नाही अशी राहत होती, आणि त्यासाठी मोजत होती. सप्टेंबरमध्ये ती चार जणांच्या देण्याघेण्यात होती. ‘इतर’ ९००वर आलं ते कुठल्या शिस्तीने आलं असं मला वाटत नाही.

चौदा हजार

डिसेंबरमध्ये तिने खोली सोडायचं ठरवलं. चार मजले, आणि उन्हाळ्यात वरचा पत्रा तापतो. मालकांनी डिपॉझिटमधून कापायची यादी दिली: रंग ६,०००, खालच्या मजल्याच्या छताची गळती ५,५००, साफसफाई २,५००.

एप्रिलमधला नळ तिच्या मनात अजून बोचत होता, म्हणून ५,५०० आपण द्यायलाच हवेत असं ती धरून चालली होती. मी विचारलं, छताला ओल आधीपासून होती ना? होती. पुरावा? नाही. फोटो काढलेला? फोन ऑगस्टमध्ये बदलला, जुनं सगळं गेलं.

मग तिला आठवलं. मार्चमध्ये पहिल्या दिवशी तिने आईला खोलीचा व्हिडिओ पाठवला होता. "ही मोरी, ही खिडकी, इथून रेल्वे दिसते." आईने आजवर मोबाइलमधून काहीही पुसलेलं नाही, सुप्रभातची फुलंसुद्धा नाहीत. रात्री भावाने शोधून पाठवला. सव्वादोन मिनिटांचा व्हिडिओ. मोरीच्या भिंतीवर हातभर ओलीचा डाग, आणि अश्विनीचा आवाज, "इथे जरा ओल आहे, पण चालतंय." वर तारीख.

मी कलम ५५चा उल्लेख करून एक पत्र मराठीत लिहून दिलं आणि सांगितलं, पिशवीत ठेव, आधी काढू नको. मालकांच्या घरी ती, आत्याचे यजमान आणि वहिनी असे तिघं गेले. मालक वाईट माणूस नाही. जमीन गेल्यावर खोल्यांचं भाडं हेच त्यांच्या दोन मुलांचं शेत, आणि जाणाऱ्या भाडेकरूकडून पुढच्याचा रंग काढायचा ही त्या गल्लीची रीत. व्हिडिओ बघून ते गप्प झाले. वहिनी म्हणाल्या, "गळती दोन पावसाळ्यांपासून हाय, मीच सांगितली होती तुम्हाला." आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "हां, सांगितलेली." तिथे गळतीचा विषय संपला.

रंगाचे निम्मे ३,००० तिने कबूल केले. भिंतीला खिळे होते, चिकटपट्ट्या होत्या. महिन्याची नोटीस द्यायची असताना अठराच दिवस आधी सांगितलं, त्याचे १,५००. साफसफाई तिने स्वतः आदल्या दिवशी केली होती. २५,५०० परत मिळाले. मालकांनी रोख काढले तर ती म्हणाली, "काका, यूपीआयने द्या." पत्र पिशवीतच राहिलं. मला विचाराल तर नोटिशीचे पैसे तोंडी ठरलेल्या अटीवर द्यायची गरज नव्हती, कलम ५५ तिच्या बाजूने होतं. ती म्हणाली, अठरा दिवस तर मी खरंच दिले होते ना मॅडम. यावर वाद घातला नाही.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. एजंटने सुरुवातीला ‘पोलीस व्हेरिफिकेशन’चे म्हणून ५०० घेतले होते आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे कधी गेलीच नव्हती. ते पैसे त्याने परत दिले नाहीत. वहीत ती नोंदही ‘इतर’मध्येच आहे.

दोन गल्ल्या पलीकडे

घरच्यांना वाटलं, आता तरी कुणासोबत राहील. तिने पुन्हा एकटीसाठीच खोली घेतली, घणसोलीतच, दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर. भाडं ९,०००, डिपॉझिट २५,०००, सगळं बँकेतून. वहिनींचा डबा तिथेही पोचतो, आता मुलगी आणून देते आणि गणिताची वही सोबत आणते.

या वेळी करार नोंदवायचाच म्हणून ती अडून बसली. मुद्रांक शुल्क तीनशेच्या आसपास, नोंदणी फी १,०००, एजंटची फी धरून २,५००, निम्मे-निम्मे. जानेवारीतल्या रविवारी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. खोली मालकाच्या आईच्या नावावर. वय सत्तरीच्या पुढे, उभा जन्म शेतात आणि खाडीत गेलेला. अंगठा काही उठेना. एजंटने यंत्र पुसलं, म्हातारीने पदराने बोट पुसलं, परत तांबडा दिवा. डावा अंगठा, तोही नाही. "झिजली गो बोटा माझी," म्हातारी अश्विनीला म्हणाली आणि हसली. अश्विनीने आतून कोमट पाण्याची वाटी आणली, तिची बोटं त्यात बुडवली, टॉवेलने टिपली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला.